गाव तेच, राज्यं बदलत गेली

२६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. अधिवेशनाच्या नगराला विजयनगर असं नाव दिलं होतं आणि सगळी व्यवस्था कर्नाटकसिंह गंगाधरराव देशपांडे यांनी अंगावर घेतली होती. एवढ्या माणसांना पाणी पुरावं म्हणून खणलेली विहीर आजही जागेवर आहे, आणि तिथल्या रस्त्याला लोक काँग्रेस रोडच म्हणतात. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये अकरा वर्षांची गंगूबाई हनगल होती.

त्या वेळचा नकाशा मात्र आजच्या वाचकाला चक्रावून टाकील. बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होतं आणि लागूनच असलेलं शहापूर सांगली संस्थानात. आज शहापूर म्हणजे बेळगावचाच एक भाग. तेव्हा बेळगावच्या बाजारातून चालत शहापुरात पोचलेला माणूस एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत गेलेला असे. उत्तरेकडे निपाणी ब्रिटिशांच्या चिकोडी तालुक्यात होती, तर काही कोसांवरचं कागल कोल्हापूर संस्थानात. मतदानाचा हक्क मालमत्ता आणि सारा यांच्या अटींवर मूठभर लोकांना. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना सार्वजनिक पाणवठा बंद. अधिवेशनानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर निपाणीला आले ते मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेसाठी. महाडचा सत्याग्रह व्हायला अजून दोन वर्षं होती.

गेल्या शंभर वर्षांत जग किती बदललं हे सांगताना विमान, टीव्ही, मोबाइल अशी यादी करण्याची आपल्याला सवय आहे. ती यादी कुठल्याही गावाला लागू पडते. बेळगाव-निपाणी पट्ट्यात हा बदल वेगळ्या वाटेने आला आणि तो इथे जास्त स्पष्ट दिसतो, असं मला वाटतं. इथे सगळ्यात गाजला तो नकाशा. जगणं पालटलं ते मात्र जमिनीच्या कायद्याने, देवीच्या लशीने, मजुरीच्या लढ्याने आणि रस्त्याने. यातल्या जमिनीच्या कायद्यात तर नकाशावरची रेघच आडवी आली, हे या भागाचं वेगळेपण.

आधी नकाशाबद्दल. १९४८ मध्ये सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, पुढच्या वर्षी कोल्हापूर. शहापूर आणि बेळगाव एका कारभाराखाली आले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका वगळता सगळा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचं १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झालं आणि १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं. म्हणजे १९२४ साली शहापुरात जन्मलेली एखादी आजी नव्वदीपर्यंत जगली असेल, तर घर न बदलता ती सांगली संस्थान, मुंबई राज्य, म्हैसूर आणि कर्नाटक इतक्या राजवटींत राहिली. युरोपात दोन महायुद्धांनी आणि सोव्हिएत संघाच्या विघटनाने अनेक शहरांच्या वाट्याला हेच आलं. 

या शहराच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९२४ च्या अधिवेशनाच्या निमित्ताने इथेच कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली. बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही बेळगावातच भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. दोन भाषांच्या दोन मोठ्या आकांक्षांना एकाच गावात वाचा फुटली. दोन्ही बाजूंना हे गाव आपलंच वाटत होतं आणि दोघांच्याही म्हणण्याला आधार होता. म्हणूनच हा प्रश्न इतका चिघळला. जानेवारी १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेबद्दलचा केंद्राचा निर्णय जाहीर झाला आणि १७ तारखेला गोळीबारात माणसं गेली. सीमाभागातली मराठी माणसं तो दिवस अजून हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं, महाजन आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी अहवाल आला. त्यात निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावं, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. गावं जिथे होती तिथेच राहिली.

आता ही रेघ पोटापाण्याशी कशी भिडली ते पाहू. कूळकायद्याइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. मुंबई राज्याने १९४८ मध्ये कूळकायदा केला आणि १९५६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती केली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाने ती विकत घेतली असं कायदा मानणार होता. किंमत न्यायाधिकरण ठरवणार आणि कूळ ती हप्त्यांनी फेडणार. खंड भरून भरून वाकलेल्या माणसाच्या नावावर जमीन येण्याचा हा दिवस. पण बेळगाव जिल्हा त्याच्या पाच महिने आधी मुंबई राज्यातून बाहेर पडला होता. म्हैसूर सरकारने १९५७ मध्ये कायदा करून या तरतुदी स्थगित केल्या. चंदगड कालपरवापर्यंत बेळगाव जिल्ह्यातलाच तालुका. तो मुंबई राज्यात राहिला म्हणून तिथल्या कुळाला कृषक दिन लाभला. खानापूर, हुक्केरी, चिकोडीच्या कुळाला नाही.

म्हैसूरचा स्वतःचा जमीन सुधारणा कायदा १९६१ चा, पण तो लागू झाला १९६५ मध्ये. त्याला खरी धार आली ती देवराज अर्स मुख्यमंत्री असताना झालेल्या दुरुस्तीने. १ मार्च १९७४ ला कुळांकडच्या जमिनी सरकारात निहित झाल्या. कुळाने फॉर्म नंबर सात भरून लँड ट्रिब्युनलपुढे आपला हक्क सांगायचा होता. अर्सांचा हा कायदा देशातल्या परिणामकारक जमीन सुधारणांमध्ये गणला जातो आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण १९५७ आणि १९७४ यांच्यामध्ये सतरा वर्षं आहेत. तेवढ्यात बाप म्हातारा होतो आणि मुलगा मुंबईच्या गिरणीत निघून जातो. सीमाप्रश्नाबद्दल बोलताना आपण भाषेबद्दल खूप बोललो. कुळांच्या या सतरा वर्षांबद्दल फार कमी बोललो, याची मला खंत वाटते.

दुसरं महायुद्ध या पट्ट्यात बातमीपुरतं आलं नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात. १९४४-४५ मध्ये या पलटणीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव इटलीत लढले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. युद्धकाळातच, १९४२ मध्ये, सांबऱ्याला विमानतळ झाला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करायला निघालेल्या सैन्याची जमवाजमव याच बेळगावात झाली. तंबाखूच्या शेतापर्यंत युद्ध पोचलं ते कराच्या रूपाने. युद्धाचा खर्च भागवायला ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये तंबाखूवर अबकारी कर बसवला आणि निपाणीच्या वखारींत सरकारी अधिकाऱ्यांचा वावर सुरू झाला. स्वातंत्र्यानंतरही तो कर चालू राहिला. कच्च्या तंबाखूवरून तो उठला १९७९ मध्ये.

निपाणी म्हणजे तंबाखू, हे समीकरण कित्येक पिढ्यांचं. वेदगंगेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत विडीचा तंबाखू चांगला पिकतो. शेतकरी तो कापून शेतातच वाळवतो, व्यापारी खरेदी करतो, मग तो वखारीत येतो. तिथे कुटणं, चाळणं, निवडणं ही कामं बायका करत. वखारीत खकाणा भरलेला असे. नाकातोंडाला पदर बांधला तरी तो छातीत जाई, डोळे चुरचुरत आणि संध्याकाळी घरी गेल्यावर अन्नालाही तंबाखूचा वास येई. घरोघरी विडी वळणाऱ्या बायका वेगळ्या. त्यांना मजुरी हजार विड्यांमागे, आणि माल मोजून घेताना 'छाट' म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जात. त्यांचे पैसे नाहीत. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये केंद्राचा कायदा झाला होता, पण तो निपाणीच्या गल्लीत उतरायला बायकांना एकत्र यावं लागलं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने या बायकांची संघटना उभी राहिली. यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काही जणी परित्यक्ता होत्या, काही देवाला सोडलेल्या. सौंदत्तीची यल्लम्मा याच जिल्ह्यात, आणि देवदासी प्रथेला बंदी घालणारा कर्नाटकचा कायदा १९८२ चा. तोवर ज्यांना कुणी माणसात धरत नव्हतं, त्या बायका मालकापुढे उभ्या राहून मजुरी, रजा आणि बोनस मागू लागल्या. बंगळूरच्या 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यात याच कामगार बायका आपली हकीकत स्वतः सांगतात. भारतातल्या स्त्रीवादी चित्रपटांच्या इतिहासात त्याचं नाव आज आदराने घेतलं जातं. जगभर स्त्रीमुक्तीची जी चळवळ सत्तरच्या दशकात उसळली, तिचं सीमाभागातलं रूप ज्याला पाहायचं असेल त्याने वखारीतल्या या बायकांकडे पाहावं.

त्याच काळात शेतकरीही उठला. शरद जोशी स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातली, आंतरराष्ट्रीय टपाल संघातली नोकरी सोडून परतले होते आणि चाकणच्या कांद्यापासून त्यांनी शेतमालाच्या रास्त भावाचा लढा सुरू केला होता. मार्च १९८१ मध्ये हा लढा निपाणीत आला. हजारो तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. त्या वस्तीला त्यांनी आंदोलननगर नाव दिलं. तीन आठवडे हा मोठा रस्ता अडलेला होता. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडून काढलं. गोळीबारात शेतकरी मारले गेले. या लढ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. विडी कामगार बायकांच्या संघटनेने शेतकऱ्यांना साथ दिली. शेतमालाचा भाव आणि मजुरी यांचं भांडण लावणं सोपं असतं. निपाणीत ते लावता आलं नाही. महामार्गावर बसलेल्यांत मराठी होते तसे कन्नडही होते आणि त्या तीन आठवड्यांत सीमावादाचा कुणाला अडसर झाला नाही.

निपाणीचं हे जग मराठी साहित्यात आलं ते प्रामुख्याने महादेव मोरे यांच्यामुळे. गॅरेज, टॅक्सी आणि पुढे पिठाची गिरणी असा त्यांचा प्रवास. तंबाखू कामगार बायका, ड्रायव्हर, क्लीनर, हमाल ही त्यांची माणसं, आणि त्यांची भाषाही निपाणीचीच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. निपाणीचं शतक समजून घ्यायचं असेल तर कुठल्याही सरकारी गॅझेटियरआधी मोऱ्यांच्या कथा वाचाव्यात, असं मी आवर्जून सांगेन.

पुढे तंबाखूचं जगच आक्रसत गेलं. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार झाला, त्याच वर्षी भारतातही तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला. २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी लागला. तंबाखू माणसं मारतो, याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण जिनिव्हात ठरलेल्या धोरणाची किंमत निपाणीत विडी वळणारी बाई मोजते आणि तिच्यासाठी दुसरं काम कुणी आखून दिलेलं नाही. शेतकऱ्याला निदान ऊस होता. घटप्रभेवर हिडकलचं धरण झालं, कृष्णा-वेदगंगेच्या काठांवर उपसा योजना आल्या, साखर कारखाने उभे राहिले आणि तंबाखूच्या काळ्या रानात ऊस शिरला.

आता एका फारशा न सांगितल्या जाणाऱ्या जागेबद्दल. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो नावाचं जुन्या झाडांचं मोठं आवार आहे. लोक तिथे सकाळी फिरायला जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याने इथे देवीची लस तयार करणारी संस्था उभारली. वासराच्या अंगावर लशीचे फोड उठवायचे, त्यांतला द्रव गोळा करून ग्लिसरीनमध्ये टिकवायचा आणि तो सगळीकडे पाठवायचा, अशी तेव्हाची पद्धत. वीज नसलेल्या खेड्यांत ही लस घेऊन 'देवी डॉक्टर' जात. टोचून घ्यायला लोक भीत, पोरं लपवून ठेवत. देवीच्या आजाराने दर काही वर्षांनी गावंच्या गावं झोडपली जात. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत, कित्येकांचे डोळे जात. मे १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. माणसाने पृथ्वीवरून समूळ घालवलेला माणसाचा हा एकच रोग. त्या कामाचा एक वाटा बेळगावच्या या आवारात उचलला गेला. बेळगावकरांनी आपल्या गावाबद्दल अभिमान बाळगावा अशा गोष्टींत मी हिला पहिलं स्थान देईन.

औषधांच्या क्रांतीचा दुसरा दाखलाही इथल्याच मातीतला आहे. कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा. घरची भाषा कन्नड. ऐन उमेदीत, १९४७ च्या सुमारास, त्यांना क्षयाने गाठलं. पंधरा वर्षं आधी हे झालं असतं तर वाचण्याची आशा फार थोडी होती, कारण स्ट्रेप्टोमायसिनचा शोधच १९४३ चा. हे औषध भारतात मिळू लागलं आणि काही वर्षांच्या आजारपणानंतर देवासला कुमारजी पुन्हा गाऊ लागले, एका निकामी फुफ्फुसासह. त्यांची निर्गुणी भजनं, माळव्याच्या लोकधुनांवरचं काम, ही सगळी त्या नंतरची.

उद्योगांचं थोडक्यात सांगतो. गोकाकच्या धबधब्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच सूतगिरणी आणि पाण्यावरची वीज आली होती. शहापूर-वडगावच्या विणकरांचा हातमाग मागे पडून यंत्रमाग आला. उद्यमबागेत फाउंड्र्या उभ्या राहिल्या, आणि त्या ओतकामाच्या कसबावर १९९१ नंतरच्या खुल्या बाजारात या शहराने पाय रोवले. महामार्गावरच्या हत्तरगीत आता एअरबस आणि बोइंग विमानांचे सुटे भाग बनतात. निपाणीला मात्र आजही रेल्वे नाही; तिचं सगळं जगणं महामार्गावर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हा रस्ता पाण्याखाली गेला तेव्हा पुण्या-कोल्हापूरकडून येणारं सगळं दिवसचे दिवस खोळंबलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं.

राहिली भाषा. इथला माणूस दोन्ही भाषांत जगतो. बाजारात कन्नड, घरी मराठी, किंवा याच्या उलट. आक्का, अण्णा, आप्पा ही हाक दोन्ही घरांत सारखी. बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये सुरू केलेला 'तरुण भारत' अजून बेळगावातून निघतो. इंदिरा संतांची कविता या गावात लिहिली गेली, २००० मध्ये य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन भरलं. दुसरीकडे, २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभं राहिलं आणि कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन तिथे भरू लागलं. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित आहे.

निकाल काय लागायचा तो लागो, मराठी शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा उतारा त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचं कारण नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा असं सांगितलं आणि त्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची तरतूद केली. अल्पसंख्याक भाषेचं प्रमाण पुरेसं असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं धोरण तेव्हापासून मान्य आहे. उतारा, मतदार यादी, दवाखान्यातली पाटी, पुराची सूचना आणि शाळेतला शिक्षक एवढं मराठीतही द्यावं, हे कर्नाटक सरकारला आजही करता येईल. आणि तेच महाराष्ट्राने जत आणि अक्कलकोटच्या कन्नड माणसासाठी करावं.